ब्लास्टनंतर फेसवर कधी जायचं? बोगद्यातल्या कामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : डिप्लोमा करून नुकताच रस्त्याच्या एका बोगद्यावर लागलो आहे. ब्लास्टनंतर माणसं आत कधी सोडायची याबद्दल एक फोरमन पंधरा मिनिटं म्हणतो, दुसरा अर्धा तास. खरं कोणाचं? (कराड)

उत्तर : दोघांचंही नाही. घड्याळावरून फक्त किमान किती थांबायचं ते ठरतं. आत जायचं की नाही ते वायू मोजणारा मीटर ठरवतो. साधा हिशेब करून बघा. बोगद्याचा छेद ८० चौरस मीटर आणि धूर फेसपासून (खोदाई चालू असलेल्या टोकापासून) १०० मीटरपर्यंत पसरलेला असेल, तर ८,००० घनमीटर हवा बदलायची आहे. डक्टच्या (पंख्याची हवा आत नेणाऱ्या नळाच्या) तोंडातून सेकंदाला २० घनमीटर हवा येत असेल, तर एकदा बदलायला जवळपास ७ मिनिटं. पण ताजी हवा धुरात मिसळत जाते, त्यामुळे एका बदलाने भागत नाही, तीन-चार लागतात. डक्ट फाटका असेल तर पंख्याच्या पाटीवर लिहिलेली तेवढी हवा फेसपर्यंत पोचतच नाही. नेहमीची चूक म्हणजे ब्लास्टआधी डक्टचं टोक मागे ओढून घेतात आणि नंतर पुढे न्यायचं विसरतात. मग फेससमोरची हवा तिथेच कोंडून राहते, कितीही थांबा.

हा धूर पोर्टलपर्यंत (बोगद्याच्या तोंडापर्यंत) सगळ्या बोगद्यातून जातो, हेही ध्यानात ठेवा. मागे लायनिंगवर (काँक्रीटच्या अस्तराच्या कामावर) असलेली टोळी तेवढा वेळ बाहेरच हवी.

मीटरची एक गोम आहे. साइटवर सर्रास मिळणारा चार वायूंचा मीटर ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वायू दाखवतो. नायट्रोजन डायऑक्साइड त्यात बहुधा नसतो, आणि स्फोटकांच्या धुरात तो हमखास असतो. त्याचा सेन्सर वेगळा मागून घ्या. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत आठ तासांच्या सरासरीची मर्यादा कार्बन मोनॉक्साइडसाठी ५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग) आणि नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ३ पीपीएम होती. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली दिसला तर परत फिरा. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. नायट्रोजन डायऑक्साइड जास्त असेल तर लालसर तपकिरी दिसतो, पण त्याचा खरा धोका उशिरा कळतो : आधी थोडा खोकला, मग बरं वाटतं, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरतं. म्हणून धूर लागलेला माणूस 'ठीक आहे' म्हणाला तरी त्याला खोलीवर एकटा पाठवू नका, डॉक्टरांकडे न्या आणि रात्रभर देखरेखीखाली ठेवा.

काही वायू मकच्या (फोडलेल्या दगडाच्या) ढिगात अडकून राहतो आणि लोडर बकेट घालतो तेव्हा सुटतो. ढिगावर पाणी मारल्याने धूळ बसते, पण कार्बन मोनॉक्साइड पाण्यात विरघळत नाही. मकिंग (तो ढीग उचलणं) सुरू असतानाही मीटर चालूच हवा.

प्रश्न : आमचे बहुतेक कामगार झारखंड-ओडिशाचे. प्रशिक्षण स्लाइडवर होतं, शेवटी सगळे सह्या करतात. स्केलिंग नेमकं कसं शिकवावं? (महाड)

उत्तर : सहीवरून एवढंच कळतं की माणूस खोलीत बसला होता. स्केलिंग, म्हणजे ब्लास्टनंतर सुटे झालेले दगड पाडणं, फेसवरच शिकवावं लागतं, त्यांना समजेल अशा हिंदीत, आणि नंतर त्यांच्याकडून करून घेऊन.

क्रम असा : वायू तपासून झाला की आधी ब्लास्टर एकटा जाऊन न उडालेली भोकं शोधतो. त्याने मोकळीक दिल्याशिवाय कोणी हलायचं नाही. जुन्या भोकाच्या उरलेल्या बुडात पुन्हा ड्रिल लावायचं नाही, ते रिकामं दिसलं तरी. मग ब्रेकरने मोठे सुटे दगड पाडायचे आणि उरलेले हाताने, लांब पहारीने. सुरुवात शॉटक्रीट-बोल्ट झालेल्या (फवारलेलं काँक्रीट आणि खडकातले बोल्ट यांनी आधार दिलेल्या) भागातून, पुढे फेसकडे. पहार तिरकी धरायची, म्हणजे पडणारा दगड अंगावर येत नाही. मागे पळायची वाट मोकळी हवी. पायात होज किंवा केबल असली तर आधी ती काढा. दगड ठोकून कान द्यायला शिकवा. घट्ट दगड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो.

सह्याद्रीतल्या बेसॉल्टमध्ये आणखी एक गोष्ट दाखवा. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये अनेकदा तांबडा, मातकट रेड बोल असतो. कोरडा असताना तो बरा दिसतो, पण पाणी लागलं की मऊ पडून सुटू लागतो आणि वरचा दगड लादीसारखा खाली येतो. छतात तांबडा पट्टा किंवा नवा ओलावा दिसला की काम थांबवून जिऑलॉजिस्टला बोलवायचं, हा अधिकार मुकादमालाच काय, हेल्परलाही हवा. तो वापरला म्हणून ज्याची हजेरी कापली जाते, तो पुढच्या वेळी गप्प बसतो.

प्रश्न : तोंडाला ओला रुमाल पुरतो का? (खोपोली)

उत्तर : नाही. सिलिकाची घातक धूळ डोळ्यांना दिसतही नाही, रुमालातून ती आरपार जाते. पाणी चालू ठेवूनच ड्रिलिंग करा आणि नीट बसणारा एन-९५ किंवा एफएफपी-२ मास्क वापरा. दाढी असेल तर तो कडेने गळतो. बेसॉल्टमध्ये मुक्त सिलिका कमी असते हे खरं, पण शॉटक्रीटच्या वाळूत ती असू शकते. सिलिकोसिस बरा होत नाही.

प्रश्न : सिलक्याराच्या घटनेनंतर प्रशिक्षणात काय वाढवावं? (नाशिक)

उत्तर : १२ नोव्हेंबर २०२३ ला उत्तराखंडमधल्या सिलक्यारा बोगद्यात कामगारांच्या मागचा भाग ढासळून माणसं अडकली. सुरुवातीला ती ४० असल्याचं सांगितलं जात होतं. काही दिवसांनी कळलं की ४१ आहेत. सगळे २८ तारखेला बाहेर आले. यातून पहिला धडा पोर्टलवरच्या टोकन-बोर्डाचा. आत जाताना टोकन लावायचं, बाहेर येताना स्वतःच काढायचं; मित्राचं टोकन काढायला सक्त मनाई. नाजूक भागातून ह्यूम पाइपची (काँक्रीटच्या मोठ्या नळाची) सुटकेची वाट ठेवली असेल, तर प्रत्येकाला तिच्यातून एकदा रांगत जायला लावा. दिवे बंद करून.

सेल्फ-रेस्क्यूअरचाही (धुरातून बाहेर पडताना तोंडाला लावायच्या श्वासयंत्राचाही) सराव हवा. फिल्टरचा प्रकार ऑक्सिजन कमी असताना कामाचा नाही. ऑक्सिजन तयार करणारा घ्या. तो तापतो, श्वास गरम आणि कोरडा येतो, आणि सवय नसलेला माणूस बिघडला समजून काढून टाकतो. सरावाचे वेगळे संच मिळतात. त्यांच्यावर डोळे मिटून तो लावता येईपर्यंत कामगाराला फेसवर पाठवू नका.