बीथोव्हेनच्या 'इरॉइका' सिम्फनीची पार्श्वभूमी काय आहे? नेपोलियनचे नाव फाडून टाकल्याची गोष्ट खरी आहे का?

आपण विचारले आहे की, बीथोव्हेनची तिसरी सिम्फनी, म्हणजे 'इरॉइका', प्रथमच ऐकायला जाण्यापूर्वी तिच्याविषयी काय माहीत असावे, आणि नेपोलियनवर संतापून बीथोव्हेनने तिचे मुखपृष्ठ फाडले हे कितपत खरे आहे. गोष्टीला आधार आहे. मात्र ती नेहमी अर्धीच सांगितली जाते आणि उरलेला अर्धा भाग मला अधिक मोलाचा वाटतो.

ही हकिकत फर्डिनांड रीस या बीथोव्हेनच्या शिष्याने लिहून ठेवली आहे. मे १८०४ मध्ये नेपोलियनला सम्राट घोषित केल्याची बातमी आपणच गुरूंना सांगितली, तेव्हा हाही शेवटी सामान्य माणूसच निघाला आणि आता हा माणसांचे हक्क पायदळी तुडवील, असे म्हणत त्यांनी ते पान फाडून जमिनीवर फेकले, असे रीस सांगतो. या आठवणी १८३८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर ३४ वर्षांनी छापल्या गेल्या आणि रीसने पाहिलेले ते हस्तलिखित आज उपलब्ध नाही. उपलब्ध आहे ती लेखनिकाने केलेली आणि बीथोव्हेनने स्वतः तपासलेली प्रत, जी व्हिएन्नातील संगीतप्रेमी मंडळाच्या संग्रहात जपलेली आहे. तिच्या मुखपृष्ठावरचे बोनापार्टचे नाव इतक्या जोराने खरवडले आहे की कागदाला भोक पडले आहे. त्याच पानावर खाली पेन्सिलीने मात्र, ही रचना बोनापार्टवर लिहिली आहे, अशी नोंद बीथोव्हेनच्याच अक्षरात आहे. त्याहून बोलका पुरावा म्हणजे ऑगस्ट १८०४ मधले त्याचे पत्र. सम्राटपदाची घोषणा होऊन तीन महिने लोटल्यावरही, या सिम्फनीचे खरे नाव 'बोनापार्ट' आहे, असे तो लाइपझिगच्या ब्राइटकॉफ उंड हेर्टेल या प्रकाशकांना कळवत होता. म्हणजे राग खरा होता, पण त्या एका क्षणात नाते तुटले असे कागदपत्रे सांगत नाहीत.

नाव मागे पडण्यामागे व्यवहारही होता. ऑक्टोबर १८०३ मध्येच रीसने बॉनच्या प्रकाशकाला लिहिले होते की, बीथोव्हेनला ही रचना बोनापार्टला अर्पण करायची आहे, परंतु प्रिन्स लॉबकोविट्झ काही महिन्यांच्या हक्कासाठी पैसे द्यायला तयार आहेत, त्यामुळे अर्पण त्यांना होईल आणि नाव बोनापार्टचे राहील. हे लॉबकोविट्झ स्वतःचा वाद्यवृंद पदरी बाळगणारे सरदार होते. १८०४ च्या उन्हाळ्यात सिम्फनीच्या तालमी त्यांच्याच व्हिएन्नातील वाड्यात झाल्या आणि ७ एप्रिल १८०५ रोजी 'थिएटर आन डेर व्हीन'मध्ये ती प्रथम जाहीरपणे सादर झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रेंच फौजा व्हिएन्नात शिरल्या. तेव्हा १८०६ मध्ये ती छापताना, अर्पण लॉबकोविट्झना आणि मुखपृष्ठावर 'एका थोर पुरुषाच्या स्मृतीप्रीत्यर्थ' असा निनावी उल्लेख, हे मला अगदी स्वाभाविक वाटते.

दुसरी पार्श्वभूमी खासगी आहे. ऑक्टोबर १८०२ मध्ये ३१ वर्षांच्या बीथोव्हेनने हायलिगेनश्टाट या गावी भावांना उद्देशून एक पत्र लिहिले, जे त्याने कधी पाठवले नाही. वाढत्या बहिरेपणामुळे जीव द्यावासा वाटला होता, पण कलेने थांबवले, असे त्यात तो म्हणतो. पुढच्याच वर्षी त्याने या सिम्फनीचे मुख्य काम केले. म्हणून पुष्कळ जण तिला त्याचे आत्मचरित्र समजतात. मला तसे टोक गाठणे पटत नाही, कारण स्वरलेखन समोर ठेवले की संगीताच्या स्वतःच्या गरजा इतक्या ठळक दिसतात की दुसऱ्या खुलाशाची निकड उरत नाही.

याचे एक उदाहरण देतो. ई फ्लॅट मेजर या मूळ सुरावटीचे दोन जोरकस आघात झाल्यावर चेलो, म्हणजे खर्जातली तंतुवाद्ये, मुख्य स्वरावली सुरू करतात आणि सातव्या मात्राखंडातच त्या सुरावटीशी न जुळणाऱ्या सी शार्प या स्वरावर उतरतात. क्षणभर सगळे ढगाळते आणि मग पुन्हा मोकळे होते. पहिल्या भागात हीच स्वरावली पुढे परत येते, तेव्हा तोच स्वर वेगळ्या दिशेला वळतो आणि हॉर्न या पितळी फुंकवाद्याला भलत्याच सुरावटीत एकट्याने गाऊ देतो. त्या पुनरागमनाच्या जरा आधी व्हायोलिने दबक्या आवाजात वेगळ्याच स्वरांवर थरथरत असताना दुसरा हॉर्न मुख्य स्वरावली 'लवकर' सुरू करतो. पहिल्या तालमीत रीसला वाटले की वादकाची मोजणी चुकली. तसे त्याने बोलून दाखवले आणि गुरूच्या हातची थप्पड थोडक्यात चुकली. पुढे काही वाद्यवृंद-संचालकांनी ही जागा 'दुरुस्त'ही केली. पुन्हा ऐकताना तिथे अवश्य कान द्या.

दुसरा भाग सी मायनर या उदास सुरावटीतला, शोकयात्रेचा आहे आणि त्याला नंतरच्या इतिहासाने नवा अर्थ जोडला. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी दुपारच्या मैफलीत बोस्टन सिम्फनी या वाद्यवृंदाचे संचालक एरिक लाइन्सडॉर्फ यांनी अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या हत्येची बातमी श्रोत्यांना सांगितली आणि ठरलेला क्रम बाजूला ठेवून हाच भाग वाजवला. तिसऱ्या भागात तीन हॉर्न एकत्र येतात. त्या काळी सहसा दोनच असत.

एकंदर लांबी सुमारे ५० मिनिटे, म्हणजे बीथोव्हेनच्या आधीच्या पिढीतला संगीतकार हायडन याच्या बहुतेक सिम्फनींच्या जवळपास दुप्पट. त्यामुळे ही रचना मैफलीच्या शेवटाऐवजी सुरुवातीच्या बाजूला वाजवावी, अन्यथा थकलेल्या श्रोत्यांवर तिचा परिणाम होणार नाही, अशी सूचना पहिल्या छापील आवृत्तीतच दिली होती.

जाण्यापूर्वी वेळ मिळाल्यास आणखी एक गोष्ट करावी. शेवटच्या भागाची धून बीथोव्हेनने आधी एका साध्या समूहनृत्यासाठी, नंतर 'प्रॉमिथियस' या बॅलेसाठी आणि १८०२ मध्ये पियानोवरील ओपस (रचनाक्रमांक) ३५ या रचनेसाठी वापरली होती. ती पियानो रचना आधी ऐका. तीही याच धूनचा नुसता खालचा, खर्जाचा सांगाडा मांडून सुरू होते आणि सिम्फनीतही तंतुवाद्ये आधी तोच सांगाडा छेडतात. त्यावर ओबो आणि इतर सुषिरवाद्ये (फुंकून वाजवायची वाद्ये) धून कधी आणतात, ते मग आपोआप लक्षात येईल.