रोबोला भाकरी लागत नाही, मग काय लागतं?

प्रश्न : मॅडम, माझे पप्पा बार्शीच्या मार्केट यार्डात हमाली करतात. मागच्या आठवड्यात चहाच्या टपरीवर कुणीतरी मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. माणसासारखा दोन पायांचा रोबो खोकी उचलून ठेवत होता. दाखवणारा म्हणाला, "याला ना भाकरी लागते, ना चहा. आता तुमचं काही खरं नाही." पप्पा घरी आले आणि जेवताना एक शब्द बोलले नाहीत. मी बारावी सायन्सला आहे. रोबोला खरंच माणसापेक्षा कमी ऊर्जा लागते का? आकड्यांत सांगाल का?
– एक विद्यार्थिनी, बार्शी

उत्तर : तुझं पत्र आलं त्या दिवशी मी बाकीची पत्रं बाजूला ठेवली. मी सोलापूरच्या एका पॉलिटेक्निकमध्ये सत्तावीस वर्षं इलेक्ट्रिकल शिकवलं, आणि घरातली काळजी आकड्यांत मांडून मागणारी मुलगी मला क्वचित भेटली. तेव्हा वही घे, आपण हिशेब करू.

दोघांसाठी माप एकच हवं. घरच्या वीजबिलावर असतं ते युनिट घेऊ. एक युनिट म्हणजे साधारण ८६० किलोकॅलरी. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला ३,४७० किलोकॅलरी सांगितल्या आहेत. भागाकार केलास की चार युनिट येतात. तुझ्या पप्पांचं शरीर चोवीस तासांत चार युनिट वापरतं. ज्वारीच्या पिठात मोजलं तर जवळजवळ किलोभर पीठ.

आता रोबो. टेस्लानं २०२२ मध्ये 'ऑप्टिमस' दाखवला तेव्हा आकडेही सांगितले होते : बॅटरी २.३ युनिटची, नुसतं बसून राहायला १०० वॅट आणि झपझप चालायला ५०० वॅट. आठ तासांची पाळी चालण्यात गेली असं धर. ५०० गुणिले ८, म्हणजे ४,००० वॅट-तास, म्हणजे चार युनिट. तुझ्या पप्पांच्या झोपेसकट अख्ख्या दिवसाला जेवढं लागतं तेवढं रोबोला नुसत्या पाळीत लागलं. बॅटरी मध्येच संपणार ते वेगळं, आणि चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते ती मी धरलेलीच नाही. तुझ्या पप्पांच्या वजनाचा माणूस त्याच चालीनं चालला तर शरीर अडीचशे ते तीनशे वॅट वापरतं. म्हणजे या आकड्यांनुसार चालण्यात माणूस पुढे आहे.

असं का, ते मला नीट सांगायचं आहे. उठून उभी राहा आणि गुडघे थोडे वाकवून दोन मिनिटं तशीच थांब. मांड्या भरून येतील. काम काहीच झालं नाही, एक दाणाही हलला नाही, तरी शक्ती गेली. आता सरळ उभी राहा. वजन हाडांवर आलं आणि स्नायूंना विसावा मिळाला. आपण चालतो तेही असंच : टेकलेल्या पायाच्या हाडावरून अंग पुढे झुकतं आणि मागचा पाय घड्याळाच्या लंबकासारखा झुलत येतो. पुष्कळसं चालणं फुकटात होतं. होंडाचा 'असिमो' हा रोबो २००० साली आला तेव्हा जगानं तोंडात बोटं घातली, पण तो गुडघे वाकवूनच चालायचा. प्रत्येक सांध्याची मोटर सतत वजन तोलून धरायची. २००५ मध्ये कॉलिन्स, रुइना, टेड्रेक आणि विस या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात अंदाज मांडला, की तेवढंच वजन तेवढ्याच अंतरावर न्यायला असिमोला माणसाच्या सुमारे सोळापट ऊर्जा लागते. त्यांच्यापैकी रुइना यांच्या कॉर्नेल विद्यापीठातल्या गटानं पुढे 'रेंजर' हा चालणारा रोबो केला. लंबकासारखे झुलणारे पाय आणि जेमतेम दहा किलो वजन. २०११ मध्ये तो एका चार्जवर ६५ किलोमीटर चालला, तेही अर्ध्या युनिटात. पण त्याला चालण्याशिवाय काही येत नव्हतं. पोतं उचलणं दूरच, त्याला उचलायला हातच नव्हते.

मोटरनं वजन नुसतं धरून ठेवण्यात काय होतं, ते मी प्रयोगशाळेत दरवर्षी दाखवायचे. छोटी डीसी मोटर मोकळी फिरताना अर्धा अँपिअर घ्यायची. मग एका मुलाला दोन्ही हातांत फडकं देऊन शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) घट्ट धरायला सांगायचे. मोटर थांबायची आणि अँमीटरचा काटा थेट चारच्या पुढे जायचा. काही सेकंदांत तारांवरच्या गरम वार्निशचा वास यायचा. शाफ्ट जागचा हलत नाही, बाहेर काम शून्य, आणि आत सगळी वीज तारा तापवण्यात चाललेली. रोबो पोतं छातीशी धरून उभा राहिला की त्याच्या खांद्याच्या आणि कोपराच्या मोटरांना थोड्याफार फरकानं हेच सोसावं लागतं. तुझे पप्पा मात्र पोतं पाठीवर घेतात, किंचित पुढे वाकतात आणि सगळा भार कण्यावरून पायांत उतरवतात. कमी ताकदीत जास्त वजन नेण्याचं हे शास्त्र आहे. कुठल्या पुस्तकाविना त्यांच्या पाठीनं ते शिकून घेतलंय.

आता एक आकडा जपून वाच. ५० किलोची दोनशे पोती प्रत्येकी एक मीटर वर उचलली, तर भौतिकशास्त्राच्या हिशेबानं काम होतं ९८,००० ज्यूल. म्हणजे २३-२४ किलोकॅलरी. सहा ग्रॅम साखरेत असतात तेवढ्या! मी पहिल्यांदा हे गणित केलं तेव्हा चुकलंय असं वाटून पुन्हा केलं होतं. चुकलं नव्हतं. यावरून काम हलकं आहे असं कुणी म्हणाला तर त्याला एक पोतं उचलायला सांग. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेतला जास्तीत जास्त चौथा हिस्सा कामात उतरवतो, बाकीची उष्णता होते. शिवाय प्रत्येक वेळी वाकताना-उठताना स्वतःचं अंग उचलायचं, ओझं घेऊन चालायचं, थप्पीवर पोतं आपटू नये म्हणून ते अडवत उतरवायचं. आणि मे महिन्यात घाम गाळून अंग थंड ठेवायचं. यातलं काहीच त्या ९८,००० ज्यूलमध्ये येत नाही. रोबोचंही तसंच. त्याची वीज पोत्यापेक्षा स्वतःला उभं ठेवण्यात आणि त्याचा कॉम्प्युटर चालवण्यातच जास्त जाते. आपला मेंदू सुमारे २० वॅटवर चालतो, हेही वहीत लिहून ठेव.

आता शिदोरीचा, म्हणजे ऊर्जा सोबत नेण्याचा मुद्दा थोडक्यात. किलोभर पिठात चार युनिट मावतात. तेवढी साठवायला लिथियमची बॅटरी साधारण वीस किलोची होईल. एप्रिल २०२५ मध्ये बीजिंगला रोबोंनी अर्धी मॅरेथॉन धावली. पहिल्या आलेल्या 'तिआनगाँग'ला २१ किलोमीटरला दोन तास चाळीस मिनिटं लागली आणि वाटेत तीनदा बॅटरी बदलावी लागली.

इथवर माणूस जिंकतोय असं वाटेल. पण तू खरे आकडे मागितलेस, तेव्हा दुसरी बाजू झाकणार नाही. ही चार युनिट येतात कुठून ते बघ. रोज किलोभर म्हणजे वर्षाला सुमारे पावणेचार क्विंटल ज्वारी. एकरी चार क्विंटल उतारा धरला तर जवळजवळ एक एकर रान आणि अख्खा रब्बी हंगाम. (कडबा मिळतो तो जनावरांचा.) तीच चार युनिट एक किलोवॅटचं सोलर पॅनेल आपल्याकडे रोज देतं, आणि ते शंभर चौरस फुटांत बसतं. सूर्यप्रकाश धरून ठेवण्यात पीक पॅनेलच्या फार मागे आहे. पैशांतही तेच : युनिटला दहा रुपये धरले तरी रोबोची दिवसाची वीज चाळीस रुपयांची. रोबो महाग पडतो तो त्याच्या किमतीमुळे, झिजणाऱ्या सांध्यांमुळे आणि दर काही वर्षांनी बदलायच्या बॅटरीमुळे. ही किंमत कमी होत जाईल. यार्डात काही बदलणार नाही असं मी तुला सांगणार नाही.

पण टपरीवरचा हिशेब मला मान्य नाही, आणि त्याचं कारण आकड्यांतच आहे. तुझ्या पप्पांच्या चार युनिटांतली जवळजवळ दोन युनिटं हृदय, मेंदू, श्वास आणि अंगाची ऊब चालू ठेवायला लागतात. पाळी संपली की रोबोचं बटण बंद करून त्याचा खर्च शून्यावर आणता येतो. तुझे पप्पा झोपेतही सत्तर-पंचाहत्तर वॅटवर चालू असतात, आणि यंत्राच्या हिशेबात हा तोटा ठरतो. मी तो तोटा मानत नाही. त्याच दोन युनिटांत ते तुझी चौकशी करतात, बाजारात भाव काय निघाला ते सांगतात, आणि परवा जेवताना गप्प बसले तेही त्यातच. हमालीचा दर ठरताना ही दोन युनिटंसुद्धा मोजली गेली पाहिजेत. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं पुण्यात 'कष्टाची भाकर' हे स्वस्त जेवणाचं केंद्र काढलं, ते अंगमेहनत करणाऱ्याला पोटभर आणि परवडेल असं जेवण मिळावं म्हणूनच.

आता तुला एक काम. पप्पांसोबत बस आणि एका दिवसाचं टिपण काढ : पोती किती, किती पावलांवर नेली, थप्पी किती थरांची झाली, भाकरी किती आणि चहा किती. डोक्यावरच्या उंचीचा थर लावताना पोतं आधी कुठे टेकवतात आणि मग कसं सरकवतात, तेही त्यांना करून दाखवायला सांग आणि जमलं तर चित्र काढ. टिपण माझ्याकडे पाठव. रोबोला तोच थर लावायला किती वीज लागेल, ते गणित आपण दोघी मिळून करू.