हिमोग्लोबिन १३ का करत नाहीत?

प्रश्न : डॉक्टर, बाबांचं डायलिसिस चालू होऊन चार वर्षं झाली. मधे हिमोग्लोबिन ८ वर आलेलं, मग एरिथ्रोपोएटिनची (रक्त वाढवणारी) इंजेक्शनं दिली नि आता ११.४ आहे, तर डॉक्टरांनी डोस कमीच केला! १३ तरी होऊ दे म्हटलं तर म्हणे हार्टला धोका. रक्त वाढलेलं हार्टला चांगलंच ना? घरी बीट, खजूर, गूळ चालू आहे.
– एक वाचक, फोंडा

उत्तर : अर्धं बरोबर आहे तुमचं. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पंप करावं लागतं, वर्षानुवर्षं तसंच चाललं की डाव्या कप्प्याची भिंत जाड होते नि पुढे हार्ट फेल्युअरपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे ८ वरून वर काढणं गरजेचंच होतं. पण नॉर्मलला नेऊनही बघितलंय. अमेरिकेत हृदयविकार असलेल्या १२०० वर डायलिसिस पेशंटांवर अभ्यास झाला, १९९८ साली छापून आला, अर्ध्यांचं रक्त इंजेक्शनं वाढवून नॉर्मलपर्यंत न्यायचं असं ठरलेलं, तर त्याच गटात मृत्यू नि हार्ट अटॅक जास्त दिसायला लागले, फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून केलेल्या शिरेत) गुठळ्याही जास्त, शेवटी अभ्यास मधेच थांबवला. शिवाय या इंजेक्शनांनी बीपी चढतं ते वेगळंच. म्हणून साधारण १० ते ११.५ मधे ठेवतात. तुमचे डॉक्टर हातचं राखून काही करत नाहीयेत.

आता तो गूळ-खजूर आधी बंद करा, खरंच! बीटसुद्धा. बाबांची किडनी एरिथ्रोपोएटिन पुरेसं बनवत नाही हे मूळ दुखणं, ते खजुराने कसं सुटणार, उलट त्यातलं पोटॅशियम अंगात साठून हृदयाचे ठोके बिघडतात. आडसराचं (शहाळ्याचं) पाणीही नको, कितीही प्रेमाने कोणी आणून दिलं तरी. लोह कमी असेल तर ते मशीनवर असतानाच शिरेतून देता येतं, फेरिटिन आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन या लोहाच्या तपासण्या कधी केलेल्या ते विचारा.

अजून एक, रक्ताचा नमुना डायलिसिसच्या आधी घेतात, तेव्हा अंगात पाणी जास्त असेल तर हिमोग्लोबिन आहे त्यापेक्षा कमी दिसतं. पेज, हुमणाचा (माशांच्या कालवणाचा) रस, सोलकढी सगळं पाण्यातच मोजायचं. तसंही हे वाढलेलं पाणी हृदयाला फार जड जातं, त्यामुळे १३ च्या मागे लागण्यापेक्षा दोन डायलिसिसच्या मधे वजन किती वाढतं ते रोज सकाळी वहीत लिहा नि ती वही डॉक्टरांना दाखवा.