वडिलांचं विसरणं: ‘वय झालं’ म्हणण्याआधी काय तपासायचं

ताई, तुम्ही लिहिलंय की वडील 74 वर्षांचे आहेत, वर्षभरापासून एकच गोष्ट चारचारदा विचारतात, गेल्या महिन्यात बँकेतून येताना वाट चुकले आणि घरचे म्हणतात, ‘वय झालं, चालायचंच.’ नाही हो, हे सोडून देऊ नका, ही स्मृतिभ्रंशाची (डिमेन्शियाची) सुरुवात असू शकते. चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं आणि पायाखालचा रस्ता अनोळखी होणं वेगळं.

माझ्या सासूबाईंच्या बाबतीत आम्हीही दोन वर्षं ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेलं, त्याची टोचणी आजही आहे. चाळीस वर्षं संकष्टीला मोदक करणाऱ्या बाई एक दिवस उकड काढताना आधी पाणी की आधी पिठी यावरच अडल्या. कामाचा क्रम हरवणं, पैशांचा हिशेब न जुळणं, साध्या वस्तूचं नाव न सुचणं, स्वभाव पालटणं, याकडे विसरण्याइतकंच लक्ष ठेवा.

डॉक्टरांसमोर त्या छान बोलल्या. फक्त तारीख विचारली की मान वळवून माझ्याकडे बघायच्या. डॉक्टरांनी नेमकं तेच टिपलं. मग घड्याळ काढून अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला सांगितली. त्यांनी एक काटा 11 वर काढला आणि दुसरा 10 वर. माझ्या पोटात खड्डाच पडला.

30 गुणांची एक प्रश्नावलीही असते. शाळा कमी झालेल्या माणसाला त्यात निरोगी असूनही कमी गुण पडू शकतात, म्हणून नुसत्या आकड्यावर घाबरू नका. मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला म्हणून निर्धास्तही होऊ नका, सुरुवातीला तो तसा येऊ शकतो. निदानाचा मोठा भाग घरच्यांनी सांगितलेल्या हकिकतीवर उभा असतो. त्यामुळे काय, कधीपासून, किती वेळा, हे तारखांसह वहीत लिहून न्या. वडिलांसमोर त्यांच्या चुका मोजू नका, डॉक्टरांशी वेगळं बोला.

आणि निदान पक्कं करण्याआधी भरून येण्यासारखी कारणं तपासून घ्याच: बी-12 जीवनसत्त्व, थायरॉइड, रक्तातली साखर, सोडियम. नैराश्यातही माणूस असाच हरवल्यासारखा वागतो. ऐकू कमी येत असेल तरी प्रश्न पुन्हा विचारले जातात. डोक्याला मार लागला असेल, अगदी महिन्याभरापूर्वी किरकोळ पडले असतील, तरी सांगा, कारण मेंदूवर हळूहळू रक्त साचू शकतं. झोपेच्या आणि लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेल्या काही गोळ्यांनीही डोकं गोंधळतं. सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या, पण मनाने एकही बंद करू नका.

एक मात्र वेगळं. दोन-चार दिवसांत अचानक बरळायला लागले, दिवस-रात्र कळेनाशी झाली, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या. लघवीचा साधा संसर्गसुद्धा या वयात असं करतो.

न्यूरॉलॉजिस्ट किंवा ज्येष्ठांचे मनोविकारतज्ज्ञ, दोघांपैकी जे जवळ असतील त्यांना दाखवा. सकाळची वेळ घ्या, पोटभर नाश्ता करून जा. चष्मा आणि कानाचं मशीन असेल तर विसरू नका. वडील ‘मला काय झालंय?’ म्हणून अडून बसले, तर बीपी तपासायला जाऊ म्हणा आणि तिथे बीपीही खरंच तपासून घ्या. आमच्याकडे तेवढ्यावरच सासूबाई रिक्षात बसल्या.