हट्ट, चावे आणि फेकलेलं मशीन

प्रश्न : मुलगा अडीच वर्षांचा आहे, त्याला नीट ऐकू येत नाही. ऐकण्याचं मशीन कानात घातलं की ओढून फेकतो. रागावून उपयोग होत नाही.

उत्तर : आधी मशीन त्रास देतंय का ते पाहा. या वयात कान भराभर वाढतात, मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) काही महिन्यांतच सैल होतो आणि शिट्टी वाजू लागते. कानामागे लाल झालंय का? मोठ्या आवाजाला दचकून काढतो का? तसं असेल तर ऑडिओलॉजिस्टकडून (श्रवणतज्ज्ञाकडून) सेटिंग तपासून घ्या. नसेल तर काहीही न बोलता मशीन परत घाला आणि लगेच आवडता खेळ सुरू करा. तुमची धावपळ बघण्यातच त्याला मजा वाटायला नको. बॅटरीच्या कप्प्याला लॉक हवंच. बटण-बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर 2 तासांतही गंभीर इजा होते. गिळल्याची नुसती शंका आली तरी थेट इस्पितळ गाठा.

प्रश्न : चार वर्षांची मुलगी बागेतून निघताना जमिनीवर लोळण घेते. रोजचंच झालंय.

उत्तर : ऐकणाऱ्या मुलाला निघायची चाहूल आधीच लागते. "चला, उशीर झाला" हे कानावर पडतं, फोनवरचं "निघतोच आम्ही" ऐकू येतं. तुमच्या मुलीपर्यंत यातलं काहीच पोचत नाही. खेळता खेळता कुणीतरी येतं आणि तिला उचलून नेतं, एवढंच तिला कळतं. मग ती रडणार नाही तर काय करेल? दूरून हाक मारू नका. जवळ जा, खांद्याला हात लावा, नजर मिळू द्या. दोन बोटं दाखवा, घसरगुंडी दाखवा, मग घराचा फोटो. प्रत्येक फेरीनंतर एक बोट मिटा. बोटं संपली की निघायचंच, त्यात सूट नाही. माझ्याकडे येणारा एक मुलगा आता आईलाच दोन बोटं दाखवून वेळ मागून घेतो. लोळण घेणं केव्हाच थांबलं.

प्रश्न : मुलगा बहिणीला चावतो. ऐकू येत नाही म्हणून आम्ही सोडून देतो.

उत्तर : सोडू नका, लेकीवर अन्याय होतोय. नियम दोघांना एकच. तिथल्या तिथे थांबवा, गंभीर चेहऱ्याने "नाही" म्हणा, तिच्या हातावरचे दातांचे वण दाखवा. मग 'दे', 'माझं', 'थांब' या खुणा शिकवा. मागता येत नाही तोवर मूल दातांनीच मागणार.

प्रश्न : शाळेतून आल्यावर मुलगी फार चिडचिड करते.

उत्तर : दमते ती. गोंगाटात शब्द न् शब्द पकडायला फार कष्ट पडतात. आल्यावर अर्धा तास शांतता द्या, मशीन काढू म्हणाली तर काढू द्या. चिडचिड एकाएकी वाढली असेल तर मात्र बॅटरी तपासा आणि सर्दीने कानात पाणी साचलंय का ते डॉक्टरांना दाखवा.