आरेसाठी लढून थकलेल्या आमच्या गटाने तुटलेल्या झाडांचा शोक कसा करावा?

तुमचा आठ-नऊ जणांचा गट २०१९ पासून मुंबईतलं आरेचं जंगल मेट्रो कारशेडपासून वाचवण्याच्या कामात आहे, आता मीटिंगचं नाव काढलं तरी अंगावर काटा येतो, आणि जंगलात बसून ध्यान किंवा शोक करायची काही रीत आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे. पण आधी थकवा आणि दुःख वेगळे करा.

कामाने पार थकून जाणं, म्हणजे बर्नआउट, याला जागतिक आरोग्य संघटनेने आजार म्हटलेलं नाही. कामाचा ताण वेळीच न आवरल्याचा तो परिणाम, अशी तिची व्याख्या आहे. म्हणजे माहिती अधिकाराचे अर्ज, कोर्टाच्या तारखा आणि सोशल मीडिया एकाच माणसाच्या गळ्यात असेल, तर ध्यानाने काही होणार नाही. त्याच्याकडचं एक काम पूर्ण काढून घ्या, ‘जरा मदत करतो’ म्हणून नव्हे.

दुःखाचं तसं नाही. ४ ऑक्टोबर २०१९ ला हायकोर्टाने झाडतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ तारखेला सुप्रीम कोर्टाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून जास्त झाडं गेली होती. घरातलं माणूस गेलं की चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, लोक येऊन नुसते बसतात. इथे दुसऱ्या दिवशी अटक झालेल्यांच्या जामिनाची धावपळ होती. राहून गेलेला तो शोक पुढे एकमेकांवरच्या चिडचिडीतून बाहेर पडतो. त्याला दिवस, जागा, सोबत आणि शेवट मिळवून द्यायचा आहे.

सुरुवात एकेकट्याने बसण्यापासून करा. आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, दर वेळी तीच जागा. पहिल्याच वेळी झाडं तोडलेल्या पट्ट्यात जाऊ नका. बिबट्याचा वावर आहे, म्हणून ऊन चढल्यावर जा, झुडपात वाकून बसू नका, आणि हाकेच्या अंतरावर दुसरं कोणी असू द्या. शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात जाणार असाल तर सोमवारी ते बंद असतं. फोन बंद करून पिशवीत ठेवा. डोळे उघडेच ठेवा, कारण थकलेल्या माणसाने डोळे मिटले की आत कामांची यादी सुरू होते. चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दहा वेळा. मग सगळ्यात लांबचा आवाज ऐका, त्यानंतर सगळ्यात जवळचा. उरलेला वेळ एकाच गोष्टीकडे बघा. समजा उंबराचं खोड आहे: सालीच्या भेगेतून मुंगळे वर जातात, चिकाच्या थेंबाला वळसा घालतात, पुन्हा त्याच रांगेला लागतात.

इथे हमखास एक गडबड होते. कार्यकर्त्याची नजर खोडावर नंबर घातलाय का ते शोधते, राडारोडा कुठे टाकलाय ते टिपते, फोटो काढायला हात शिवशिवतात. हा पाहणी दौरा नव्हे. तसं होतंय असं लक्षात आलं की जमिनीला तळहात टेका आणि माती गार आहे की कोमट, एवढंच बघा.

तीन-चार आठवड्यांनी गटाने एकत्र बसा. अमेरिकेतल्या जोआना मेसी यांनी कार्यकर्त्यांसाठी बसवलेलं ‘सत्यमंडल’ मला यासाठी सगळ्यात भरवशाचं वाटतं. सगळ्यांनी गोल बसायचं. मधल्या जागेचे चार भाग करून एकात वाळलेली पानं ठेवायची, ती दुःखासाठी. दगड भीतीसाठी, जाड काठी रागासाठी, रिकामं भांडं पोकळपणासाठी. ज्याला वाटेल त्याने आत यायचं, वस्तू हातात घ्यायची, दोन-चार मिनिटं बोलायचं किंवा नुसतं रडायचं. काठी दोन्ही हातांनी घट्ट धरायची, कोणावर उगारायची नाही. बाकीच्यांनी फक्त म्हणायचं, ‘ऐकतोय आम्ही.’ आठ जणांना तास-दीड तास लागतो. एकाने घड्याळ सांभाळावं आणि त्या दिवशी आत जाऊ नये.

बिघडतं ते सल्ल्यामुळे. ‘आपण अपील करायला हवं होतं’ हे वाक्य आलं की शोक संपला आणि मीटिंग सुरू झाली. बुंध्याला फुटलेली पालवी दाखवून कोणाला धीर देण्याची घाईही नको. रेकॉर्डिंग अजिबात नको. आणि एक गोष्ट मनापासून सांगतो: आरेतल्या आदिवासी पाड्यांवरच्या लोकांची जमीन गेलीय, त्यांचं दुःख आपल्या कार्यक्रमाचा भाग नाही. त्यांच्या जागेजवळ बसणार असाल तर आधी विचारा. त्यांचा देव असलेल्या वाघोबाच्या ठाण्यापाशी स्वतःहून काही मांडू नका. त्यांनी बोलावलं तर पाहुण्यासारखे जा.

इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यनेबद्दलही विचारलंय. शिबिर चांगलं आहे, पण इतकं थकलेलं असताना दहा दिवसांचं मौन सोपं नसतं, त्यामुळे आत्ताच नको. दोन आठवडे झोप लागत नसेल, पोलिसांच्या धरपकडीची दृश्यं सारखी डोळ्यांपुढे येत असतील किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर शांत बसल्याने त्रास वाढू शकतो. अशा वेळी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

मंडल संपल्यावर पानं-दगड होते तिथे परत ठेवा. पाणी प्या, बरोबर नेलेली भाजी-भाकरी सगळ्यांनी मिळून खा, मग उठा. पुढच्या मीटिंगची तारीख त्या दिवशी ग्रुपवर टाकू नका.