"बाबा, तू पळून गेलेलास का?"

जुळे सोलापुरातनं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालाय, नाही छापत. वय ३९, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट बघतो, बायको बँकेत, मुलगी आठ वर्षांची. चार वर्षं झाली पळतोय आणि पाच आठवड्यांवर हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटरची शर्यत, आलीये. पत्र चार पानांचं आहे, मी थोडक्यात सांगते.

रविवारी बायको आठ दिवसांच्या ट्रेनिंगला पुण्याला गेली. सोमवारी सकाळी लेकीच्या पोटावर पाण्याचे फोड. कांजिण्या. शाळा बंद. कामवाल्या मावशी दारातनंच परत गेल्या, त्यांच्या घरी तान्हं बाळ आहे. याची आई गावाकडे, तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, ती फोनवरनं रोज सांगणार की घरात फोडणी द्यायची नाही आणि उशाला कडुलिंब ठेव. ऑफिसात एक्स्पोर्टची बिलं अडकलेली, ती लॅपटॉपवर. नळाला पाणी चार दिवसांआड, त्यात त्या आठवड्यात वेळ बदलली, मंगळवारी रात्री अडीचला आलं. पोरगी रात्रभर खाजवते म्हणून हा तिच्या हातात मोजे घालून शेजारी बसलेला. आणि मग, त्याच्याच शब्दांत:

"आक्का, शनिवारी पहाटे पाचला ती गाढ झोपलेली. सहा दिवस बूट घातले नव्हते. बाहेरनं कुलूप लावलो आणि गेलो, विजापूर रोडनं संभाजी तलावापर्यंत, जाऊन-येऊन पाच किलोमीटर. परत आलो तर ती दाराच्या आत फरशीवर बसलेली. रडत नव्हती. म्हणाली, बाबा, तू पळून गेलेलास का? मी म्हणलो, नाही गं, पळायला गेलेलो. आणि म्हणलो, आईला सांगू नको हं, ती काळजी करत बसंल. आई येऊन चार दिवस झाले, अजून सांगितली नाही ती. मी पळणं सोडू का? मी वाईट बाप आहे का? आणि आठवडा वाया गेला, हाफचं काय करू?"

काय बे. एका पत्रात तीन प्रश्न विचारलास आणि चौथा, खरा, विचारलाच नाहीस. त्याच्याकडे येते.

आधी हाफचं उरकून टाकू, कारण ते सगळ्यात सोपं आहे आणि तू त्याच्यावर दीड पान लिहिलायस, पळण्याची नोंद ठेवणाऱ्या त्या स्ट्राव्हा अ‍ॅपवर किती दिवस रिकामे दिसतात ते पण मोजून. मी स्वतः पळत नाही, गुडघे आहेत माझे, मी तलावाला चकरा मारते. पण भाचा पळतो, त्याच्यामुळं घरात सगळी ती भाषा ऐकलेली आहे, टेंपो काय नि एलएसडी काय (पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी घाबरलेच होते, तर म्हणे लाँग स्लो डिस्टन्स). सहा-सात दिवस पळलं नाही म्हणून दम जात नाही रे. नीट पळणाऱ्या माणसाचं साधारण दहा दिवसांत फार काही बिघडत नाही, दोन आठवड्यांच्या पुढं गेलं की मग जाणवायला लागतं. चार वर्षांची कमाई आठवड्यात धुऊन निघत नाही. राहिलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात भरून काढायला मात्र जाऊ नको. पस्तीसचा आठवडा चुकला म्हणून पुढचा सत्तरचा केलास तर नडगी धरंल नाहीतर टाच, आणि मग पाच आठवडे नुसतं बर्फ लावत बसशील. जो आठवडा गेला तो गेला, प्लॅन पुढनं धर, पहिले तीन-चार रन सावकाश.

आणि तो शनिवारचा पाच किलोमीटर? तूच लिहिलायस सव्वीस मिनिटांत मारला म्हणून, एरवी तुझा सावकाशचा पेस पावणेसातचा, म्हणजे किलोमीटरला पावणेसात मिनिटं, आहे म्हणतोस. सहा रात्री झोप नाही, खाणं धड नाही, आणि माणूस एकदम पाच-बाराच्या पेसनं सुटला, म्हणजे तू व्यायामाला गेलाच नव्हतास. घरात कोंडल्यासारखं झालेलं आणि तू सुटलास. पोरीनं शब्द बरोबर धरला. लहान लेकरं अशी एखादं वाक्य बोलून जातात की आपण आठवडाभर तेच चघळतो, तिला बिचारीला पळायला आणि पळून यातला फरक कुठला कळायचा, पण लागलं ते बरोब्बर ठिकाणी लागलं.

एक विचारायचंय मधेच, पत्रात नाहीये म्हणून. तुला स्वतःला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात का? आईला विचार, फोडणीचं सांगते तेव्हा हे पण सांगंल. नसतील आल्या तर नीट ऐक, संसर्ग झाल्यापासनं दहा ते एकवीस दिवसांत कधीही निघू शकतात, आणि मोठ्या माणसाला लेकरांपेक्षा जास्त त्रास देतात, छातीत पण उतरतात कधी कधी. तेव्हा अंग मोडून आलं, ताप वाटला, की बूट कपाटात आणि डॉक्टरकडं. तापात पळणं हे शूरपणाचं काम नाही, हृदयाला सूज यायची भीती असते त्यात. लेकीचं म्हणशील तर सगळे फोड सुकून खपल्या धरेपर्यंत शाळा नाही, आणि तापाला डॉक्टर देतील तेवढंच, आपल्या मनानं अ‍ॅस्पिरिन-बिस्पिरिन अजिबात नाही लेकरांना, कांजिण्यांत ब्रुफेन पण टाळतात. फोडणीचं म्हणशील तर, तोंडात फोड असले की तिखट झोंबतंच, दहीभात दे, आजीचं पण समाधान. कडुलिंबानं कुणाचं नुकसान झालेलं मी बघितलं नाही. पुढं.

आता कुलूप.

पळायला गेलास यात मला काही वावगं वाटत नाही. सहा दिवस एकट्यानं आजारी लेकरू सांभाळून, रात्री अडीचला उठून पिंप भरून, बिलं पण पाठवून जो माणूस अर्धा तास मोकळा श्वास मागतो तो स्वार्थी नाही. पण बाहेरनं कुलूप घालून किल्ली खिशात टाकून दोन-अडीच किलोमीटर लांब गेलास हे चुकलं. साफ चुकलं. मी यात पॉलिश लावणार नाही. गॅस, शॉर्टसर्किट, पोरीला उलटी झाली, ताप चढला, घाबरून ती खिडकीकडं गेली, काय वाट्टेल ते होऊ शकलं असतं, आणि बाहेरच्या कुणालाही आत जाता आलं नसतं कारण किल्ली संभाजी तलावाच्या कडेला घाम पुसत उभी. आजारी असो नसो, आठ वर्षांचं लेकरू आत आणि कुलूप बाहेर, हे परत नाही. ही चूक आहे, तिनं तू वाईट बाप ठरत नाहीस, पण "अर्ध्या तासाचंच तर होतं" असं पण म्हणू नको, पत्रात तू ते तीनदा लिहिलायस.

आणि गंमत सांगू? तुझ्याच पत्रात दुसऱ्या पानावर आहे, समोरच्या फ्लॅटमधल्या पद्मशाली आजी रोज दारातनं विचारायच्या, पोरगी कशी आहे, काही लागतंय का. त्यांना कांजिण्या लहानपणीच येऊन गेल्यात हे पण तूच लिहिलास. पहाटे चारला उठतात हे पण. आणि तरी तू त्यांना अर्धा तास बसा म्हणाला नाहीस, का, तर "उगं कशाला कुणाला त्रास".

माझी आई विड्या वळायची. आमच्या गल्लीत घरटी एक तरी बाई विड्या वळायची, अर्ध्या घरात तेलुगू, दोन घरं सोडून कन्नड. कारखान्यात वळलेल्या विड्या द्यायला आणि पानं-तंबाखू आणायला जायचं, तर लेकरं काय डोक्यावर घेऊन जाणार? सूप उचलायची आणि शेजारच्या दाराकडं तोंड करून नुसतं म्हणायची, "बघ गं." बास. दोन शब्द. पलीकडनं तेलुगूत काहीतरी उत्तर यायचं, ते काय असायचं मला आजतागायत माहीत नाही, पण आम्ही सांभाळले जायचो. आई कधी थँक्यू म्हटलेली मला आठवत नाही, तिची पाळी आली की ती बघायची. आता फ्लॅट झाले, सेफ्टी डोअर झाले, आणि आपण जाळीतनं बोलतो. तू एकवीस किलोमीटर पळू शकतोस पण समोरचं दार वाजवायला पाच पावलं टाकता येत नाहीत, हे मला जरा विचित्र वाटतं बाबा. पुरुषांचं असंच असतं थोडं, बायको नसली की शेजार पण संपतो, कारण ती सगळी ये-जा तिचीच असते, वाटीची देवाणघेवाण तिची, हळदीकुंकू तिचं. तुझ्या नावावर काही नाही तिथं. ते खातं तुला स्वतःला उघडायला लागेल, अकाउंटवाला आहेस, कळंल तुला.

बरं. आता तो न विचारलेला प्रश्न. "आईला सांगू नको हं."

हे मला कुलुपापेक्षा जास्त टोचलं. कुलूप अर्धा तास होतं, हे अजून चाललंय. ती पोरगी आईच्या कुशीत झोपते, आई विचारते बाबानं काय काय केलं गं आठवडाभर, आणि ती ते सगळं सांगते, मोजे सांगते, रात्रीचं पाणी सांगते, आणि तेवढंच एक गाळते. गाळायला लक्षात ठेवावं लागतं रे. तुला वाटतंय ती विसरली असंल, ती विसरली असती तर कधीच बोलून गेली असती. तुझं ओझं तू आठ वर्षांच्या लेकराच्या दप्तरात टाकलायस. शिवाय उद्या तिला कुणी दुसरा मोठा माणूस म्हणाला की आईला सांगू नको, तर तिनं काय करायचं? आपल्या बाबानं शिकवलंय की मोठी माणसं असं म्हणतात आणि आपण गप्प बसायचं. याचा विचार केलायस? केला नसशील, त्या वेळी तुला फक्त बायकोचा चेहरा दिसला असंल.

म्हणून आज, हे वाचलास की आजच, आधी लेकीकडं जा. मोठं भाषण नको. "मी पळून गेलो नव्हतो, पळायला गेलो होतो, पण तुला न सांगता गेलो आणि कुलूप लावून गेलो, ते माझं चुकलं. आणि आईला सांगू नको म्हणलो ते पण चुकलं, आज मी स्वतः सांगणारे." एवढंच. ती कदाचित "बरं" म्हणून टीव्हीकडं वळंल, तू आणखी काही ऐकायची अपेक्षा धरून बसू नको.

मग बायकोला. ती चिडंल. चिडू दे, तिचा हक्क आहे. त्या वेळी "तू आठ दिवस नव्हतीस, तुला काय माहीत" हे वाक्य तोंडात येईल तुझ्या, ते गिळ. तुझा आठवडा किती अवघड गेला ते ती विचारंल, पण त्या रात्री नाही, दोन-तीन दिवसांनी, चहा पिताना. तेव्हा सांग, अडीचच्या पाण्यासकट सगळं सांग. कारण तुमच्या घरात तुझं पळणं आजवर कसं बसत होतं माहितीये? ती घरात होती म्हणून. ती पाचला उठून डबा करायची म्हणून तुला पाचला जाता यायचं. ती आठ दिवस गेली आणि सगळं कोलमडलं, यावरनं ते कुणाच्या खांद्यावर उभं होतं ते दिसलं की नाही? हे पण तिला म्हण, आवडंल तिला. पुढच्या ट्रेनिंगच्या आधी दोघं बसून ठरवा पहाटे कोण, शेजारी कोण, आणि कुणीच नसलं तर त्या दिवशी पळणं नाही. गच्ची आहे, जिना आहे, स्किपिंग आहे, दार उघडं ठेवून कर. भाचा म्हणतो जिन्यानं पिंढऱ्या मजबूत होतात, खरं-खोटं तो जाणे.

पळणं सोडू नको. सोडलास तर सहा महिन्यांनी त्याच पोरीवर चिडशील आणि का चिडलो ते कळणार नाही.

आणि दुसरी किल्ली आजच त्या समोरच्या आजींकडं देऊन ये. रिकाम्या हातानं जाऊ नको, घरात शेंगाची चटणी असंल तर वाटीभर ने, वाटी परत मागू नको, त्या भरून पाठवतील.